सेलिनबाईंकडचे मंगळवार

माझ्या ओठांवर मिसरूड फुटली तेव्हा मी नववीत होते, आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या भावाला ती अजून फुटायची होती. ही बातमी घरात पहिल्यांदा त्यानेच मोठ्याने सांगितली. आम्ही जेवायला बसलो होतो. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि समुद्रावरून दोन दिवसांनी परतलेले वडील, त्यामुळे सगळे खुशीत. भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "बाबा, आपल्या घरात हवालदार भरती झालाय, बघितला काय?" वडील हसले. पायाखाली जमीन असली की ते कशालाही हसायचे. आईने भावाच्या ताटात भाकरी आपटली आणि म्हणाली, "खा गप." मी डावा हात तोंडावर ठेवला आणि उजव्या हाताने जेवले. तो डावा हात पुढे पाच वर्षं तिथून फारसा खाली आला नाही.

आमचं घर अर्नाळ्याला, किनाऱ्याला लागून. अंगणासमोर बोंबील वाळत घालायच्या वलांड्या. वारा सुटला की टांगलेले बोंबील एकमेकांवर आपटून सुक्या पानांसारखे वाजायचे. पहाटे होड्यांच्या इंजिनांची धडधड, मग बर्फ फोडल्याचा आवाज, मग आईचा. आईचा आवाज हा आमच्या आळीतला सगळ्यांत मोठा आवाज होता. ती आगाशीच्या बाजारात मासे विकायची, आणि तिने एका टोकाला "ताजी कोलंबी" म्हटलं की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. तिचा तो आवाज मला मिळाला होता. आठवीपर्यंत शाळेत प्रार्थना मी सांगायचे, कविता मी म्हणायचे. भावाच्या त्या वाक्यानंतर हळूहळू मी सगळं थांबवलं. तोंडावर हात ठेवून कविता म्हणता येत नाही.

उपाय सगळे झाले. शेजारच्या काकूने हळद आणि डाळीचं पीठ सांगितलं, ते चोळून चोळून कातडी निघाली, केस तिथेच. कोणी पपईचा चीक सांगितला, त्याने भाजलं. एकदा घरात कोणी नसताना वडिलांचा दाढीचा रेझर घेतला आणि वरचा ओठ कापून घेतला. रक्त थांबेना तेव्हा मी राख दाबून बसले. आई आली, तिने रेझर बघितला, माझं तोंड बघितलं, आणि काही न बोलता पाणी आणून जखम धुतली. तेव्हा ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. केस पुढच्या आठवड्यात परत आले, आणि आता हनुवटीखालीही दिसायला लागले.

बारावीनंतर मी डी.एड.ला गेले. मास्तरीण व्हायचं हे माझ्या मनात लहानपणापासून होतं, आणि मार्कही होते. पण तिथे सराव पाठ घ्यायचे असतात, खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, आणि मागच्या बाकावर आपल्या मॅडम वही घेऊन बसलेल्या असतात. माझ्या पहिल्याच पाठाला मी फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले. वळले की हात वर जायचा. मॅडमनी मुलांसमोर काही म्हटलं नाही, नंतर बाहेर बोलावून म्हणाल्या, "ललिता, तुझी तयारी उत्तम आहे. पण तिसऱ्या बाकापलीकडे एक शब्द ऐकू आला नाही. हात खाली येत नसेल तर हा पेशा तुझ्यासाठी नाही." त्या वाईट नव्हत्या. खरं तेच बोलत होत्या. मी घरी येऊन आईला जाहीर केलं की मी कॉलेज सोडते, उद्यापासून तुझ्याबरोबर बाजारात बसते.

"बाजारात?" आई म्हणाली. "आनि तिथे काय तोंडावर हात ठेवून मासली विकनार? कालेज सोडायचं नाय."

दुसऱ्या दिवसापासून तिने जे केलं ते मला आठवडाभराने कळलं आणि मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आगाशीच्या बाजारात पापलेट कापता कापता तिने येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारलं होतं, आणि तेही आपल्या नेहमीच्या आवाजात: "माज्या पोरीच्या तोंडावर केस येतात, त्याचा कोन डागदर हाय काय?" बायका लाजल्या, हसल्या, काहींनी परत हळदच सांगितली. चौथ्या दिवशी मांदेली घ्यायला आलेली एक उंच, चष्मेवाली ख्रिस्ती बाई खाली वाकून म्हणाली, "मी डॉक्टर नाही, पण हे काम मी करते. मंगळवारी घेऊन या तिला." मंगळवारी बाजारात मासे कमी खपायचे. आईला तो वार पसंत पडला.

त्या सेलिनबाई. मुंबईला एका कातडीच्या डॉक्टरांकडे बरीच वर्षं नर्स होत्या, तिथेच विजेच्या सुईने केस काढायचं काम शिकलेल्या. सासरे अंथरुणाला खिळले म्हणून नोकरी सोडून आगाशीजवळच्या आपल्या वाडीत परत आल्या, आणि येताना एक जुनं मशीन घेऊन आल्या. केळीच्या बागेतून जाणारी पायवाट, विहीर, मोगऱ्याची झुडपं, आणि ओटीवरच्या एका बाजूच्या खोलीत एक मागे कलणारी खुर्ची, भिंगाचा दिवा आणि ते मशीन. घरात सासूशी त्या आपल्या वाडीच्या बोलीत बोलायच्या, त्यातले मला निम्मेच शब्द कळायचे; माझ्याशी मात्र दवाखान्यातल्यासारखं स्वच्छ, सावकाश मराठी.

पहिल्या दिवशी त्यांनी मशीनला हातही लावला नाही. दिवा जवळ ओढून माझा चेहरा बघितला. इतक्या जवळून तो तोवर कोणीच बघितला नव्हता. मी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी आईसमोरच विचारलं, "पाळी दर महिन्याला येते?" मी मान हलवली, नाही. "मग आधी वसईला बाईडॉक्टरांकडे जा. आतून काही बिघडलं असेल तर मी इथे एक काढीन आणि तिकडे दोन उगवतील. त्यांच्या गोळ्या आणि माझी सुई, दोन्ही लागतील." आईने विचारलं, किती दिवसांत होईल. सेलिनबाई म्हणाल्या, "दोन वर्षं."

"दोन वर्षं?" आई म्हणाली. "बाई, दोन वर्षांत होडी बांधून व्हते."

"होडी एकच असते. हिच्या तोंडावर केस किती आहेत ते मोजा," बाई म्हणाल्या. "एकेकाच्या मुळाशी जायचं. एकदा गेला तरी त्यातले काही परत येतात, तेव्हा परत जायचं. कोणी महिन्यात करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका."

आता विचार करते तेव्हा वाटतं, मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला तो ह्या 'दोन वर्षं' शब्दांपासून. तोवर मला प्रत्येकाने आठ दिवसांत गुण येईल असंच सांगितलं होतं.

वसईच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, मग सुई. सेलिनबाईंची अट एकच, पण ती कठीण होती. उपटायचं नाही, दोरा लावायचा नाही. कात्रीने कापलं तर चालेल, पण मंगळवारच्या आधीचे तीन दिवस तेही नाही, कारण केस चिमट्यात धरता येईल एवढा वाढलेला हवा. म्हणजे दर सोमवारी मला कॉलेजात ते सगळं घेऊन बसायचं होतं. लपवायचं काढून टाकायचं असेल तर आधी ते दाखवायला लागतं, हे मला फार अन्यायाचं वाटलं.

कामाचा प्रकार असा. माझ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक स्टीलची कांडी द्यायच्या, ती घट्ट धरायची. मग त्या केसाच्या कडेने, तो ज्या दिशेने आत गेलाय त्याच दिशेने, उकळून घेतलेली बारीक सुई मुळापर्यंत सरकवायच्या. सुई जाताना कळायची नाही. मग पायाने एक बटण दाबायच्या आणि मुळाशी लाल मुंगी चावल्यासारखं व्हायचं, ती मुंगी चावतच राहायची, जिभेवर पत्र्यासारखी चव यायची. मग बटण सुटायचं, आणि चिमट्याने धरल्यावर केस ओढावा न लागता मेणातून काडी निघावी तसा निघायचा. मग पुढचा. प्रत्येक केसाआधी त्या हळूच म्हणायच्या, "आता." तासाभरात असे किती 'आता' व्हायचे देव जाणे, पण एकदाही त्यांनी न सांगता बटण दाबलं नाही. वरच्या ओठावर सगळ्यांत जास्त दुखायचं. डोळ्यांतून पाणी गळायचं आणि शिंक यायची. शिंक येतेय हे माझ्याआधी त्यांना कळायचं, सुई बाजूला झालेली असायची.

सुई सुरू झाली त्या मंगळवारी माझा मोकळा हात सवयीने वर आला. त्यांनी तो धरून माझ्या मांडीवर ठेवला. परत आला, परत ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ह्या खोलीत तिथे माझा हात असतो. दोघींच्या हातांना जागा नाही."

मध्ये बर्फ लावून दहा मिनिटं थांबायच्या. तेव्हा माझ्याकडून येत्या आठवड्याचा पाठ ऐकायच्या. अपूर्णांक, नद्या, बेडकाची वाढ, सगळं. आतून त्यांची सासू ओरडून विचारायची, आणि बाई तिला त्यांच्या बोलीत सांगायच्या की बेडकाला आधी शेपटी असते. म्हातारीला ते खोटं वाटायचं. मग ती विहिरीच्या पाटातला बेडूक पुरावा म्हणून सांगायची. मी इतकी हसायचे की ओठावरचा बर्फ पडायचा. माझा आवाज आतल्या खोलीपर्यंत पोचतोय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या आलं असावं. पैसे आई द्यायची, ते कुठून आणायची ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कधी उरलेली कोलंबी असली तर ती ओटीवर ठेवून गप्पा मारत बसायची, मला न्यायला आल्याचं निमित्त करून.

सातव्या महिन्यात वर्षअखेरच्या पाठाची परीक्षा लागली. बाहेरून परीक्षक येणार, आगाशीतल्याच एका शाळेत, चौथीच्या वर्गावर. वार सोमवार. माझी हनुवटी तोवर बरीच साफ झाली होती, पण वरच्या ओठावर अजून दाट होतं. आधीच्या मंगळवारी मी बाईंना म्हटलं, आज ओठ पूर्ण करून टाका. दुखलं तरी चालेल.

"नाही," त्या म्हणाल्या. "जवळजवळच्या केसांत एकाच दिवशी सुई घातली तर कातडी मरते. केस जातील, खड्डे राहतील."

"मग मी परीक्षा कशी देऊ?"

"कात्रीने बारीक काप आणि जा. पुढचा मंगळवार फुकट जाईल, जाऊ दे."

मला राग आला. कात्रीने कापलं तरी हिरवट सावली दिसतेच. मी म्हणाले, आणि हे आज लिहितानाही माझे कान गरम होतात, मी म्हणाले, "तुम्हाला काय, जितके मंगळवार वाढतील तितकं बरंच आहे." आई त्या दिवशी आली नव्हती, नाहीतर तिने मला तिथेच बडवलं असतं. सेलिनबाईंनी सुई काढून डबीत ठेवली, माझ्या हनुवटीला नेहमीसारखं औषध लावलं आणि म्हणाल्या, "पाठाची तयारी नीट कर."

शनिवारी मी विरारला जाऊन एका पार्लरमध्ये दोरा लावून घेतला. तिथल्या मुलीचा काही दोष नव्हता. ओठावर आधी सुई झाली आहे हे मी तिला सांगितलंच नाही. पाच मिनिटांत ओठ गुळगुळीत. मी बसमधून येताना जीभ फिरवून फिरवून बघत होते. रविवारी सकाळी उठले तर वरचा ओठ सुजून नाकाला लागलेला, लालबुंद, त्यावर पुटकुळ्या. आईने बघितलं आणि विचारलं, "कोनी केलं?" मी सांगितलं, मीच. ती म्हणाली, "मग चल तिच्याकडे. नि वाटेत तोंड झाकायचं नाय."

आम्ही पोचलो तेव्हा बाई नुकत्याच चर्चमधल्या मिस्साहून आल्या होत्या. अंगावर रविवारची चांगली साडी, घरात पाहुणे, चुलीवर मटणाचं इंद्याल, त्याच्या सिरक्याचा वास पायवाटेपर्यंत आलेला. मी काही बोलायच्या आधी त्यांनी माझा ओठ बघितला. पाहुण्यांना "तुम्ही बसा, जेवा" म्हणाल्या आणि मला खोलीत नेलं. साडीचा पदर खोचला. थंड पाण्याच्या पट्ट्या, मग औषध, मग परत पट्ट्या, असं दोन तास. बाहेर लोक जेवून हात धुवायला आले. मी वाट बघत होते की त्या आता विचारतील, आता बोलतील. शेवटी मीच रडत म्हणाले, "मी तुम्हाला वाईट बोलले."

"हो, बोललीस," त्या म्हणाल्या. "उपटलेले सगळे परत येतील, दोनेक महिने मागे गेलो आपण. पुढे जाऊ परत. मला हे सांग, उद्याचा पाठ कुठला?"

"पाण्याचं चक्र."

"सांग मग."

आणि सुजलेल्या ओठाने, पट्टी सांभाळत, मी पाण्याचं चक्र सांगितलं. आई दाराशी बसून ऐकत होती. ढग झाल्यावर तिने विचारलं की मग समुद्राचं मीठ वर का जात नाही, आणि सेलिनबाई म्हणाल्या, "हा प्रश्न उद्या मुलं विचारतील. उत्तर तयार ठेव."

सोमवारी सूज निम्मी उतरली होती, लाली तशीच. वर्गात चाळीस मुलं, मागे परीक्षक आणि आमच्या मॅडम. मी फळ्यावर समुद्र काढला, सूर्य काढला आणि वळले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. मला वाटलं मीठ विचारणार.

"बाई, तुमच्या तोंडाला काय झालं?"

माझा डावा हात उठला. छातीपर्यंत आला होता, मला आठवतंय. मागे परीक्षकांनी पेन उचललं. मला त्या क्षणी काही मोठं सुचलं नाही. एवढंच वाटलं की ह्या मुलीने विचारलंय, तर तिला सांगायला हवं. मी हात खाली घेतला आणि म्हणाले, "माझ्या ओठावर केस येतात. ते मी चुकीच्या पद्धतीने काढले, म्हणून सुजलंय."

वर्गात कोणी हसलं नाही. ती मुलगी म्हणाली, "माझ्या आत्याला पण येतात." दुसरा कोणी म्हणाला, "दुखतं काय बाई?" मी म्हणाले, "थोडं दुखतं. आता सगळे इकडे बघा. हा समुद्र. ह्याच्यावर ऊन पडलं की काय होतं?" आणि मग मी माझ्या आईच्या आवाजात पाऊण तास शिकवलं. मीठ कोणीच विचारलं नाही, मीच विचारलं.

परीक्षकांचा शेरा मॅडमनी मला नंतर दाखवला. बाकी काय होतं ते विसरले, पण एक ओळ होती, 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट.' तो वाचून मी पहिल्यांदा धावले ते घरी नाही, बाजारात.

पुढे चौतीस वर्षं शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आता विरारच्या रस्त्यावर दर चौथ्या इमारतीवर लेझरची पाटी आहे. माझ्या भावाची सतरा वर्षांची नात परवा सगळ्यांसमोर जेवता जेवता म्हणाली, "आजी, मला पीसीओएस आहे, हनुवटीवर केस येतात, मी डॉक्टरकडे जाणारे." आणि तिने पुढचा घास घेतला. मी तिच्याकडे बघतच राहिले. भाऊ खाली मान घालून जेवत होता. त्याला ते जेवण आठवलं की नाही, मी विचारलं नाही.

सेलिनबाईंनी दोन वर्षं म्हटलं होतं, माझ्या त्या शनिवारमुळे सव्वादोन लागली. शेवटी शेवटी महिन्यातून एकदा जायचे, मग दोन महिन्यांतून. एका मंगळवारी त्यांनी दिवा फिरवून फिरवून बघितलं, सुई न उचलताच मशीनची वायर काढली आणि माझ्या हातात आरसा दिला. तोवर त्या खोलीत त्यांनी मला आरसा दिला नव्हता. माझा चेहरा. आईसारखं रुंद कपाळ, वडिलांचं नाक, आणि मोकळा ओठ. मी बराच वेळ बघत होते. ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर दोन बारीक खड्डे होते, टाचणीच्या डोक्याएवढे. ते मला ठाऊक होते. सुरुवातीला मी एकदा खपली नखाने काढली होती, त्याचेच ते, असं मी धरून चालले होते.

बाईंनी त्यांवर बोट ठेवलं. "हे दोन माझे आहेत," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मंगळवारी सुई तिरकी गेली आणि मी करंट जास्त वेळ ठेवला. तेव्हाच कळलं होतं मला. तू घाबरून यायची बंद होशील म्हणून बोलले नाही. बोलायला हवं होतं. माझी चूक झाली, ललिता."

मी "अहो, ते दिसतपण नाहीत" असं काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "मला दिसतात."

आई नेहमीसारखी ओटीवर बसली होती, तिने सगळं ऐकलं होतं. परत जाताना आम्ही बसमध्ये शेजारी बसलो. अर्नाळ्याचा वारा लागायला लागला तेव्हा आई म्हणाली, "एवढी मोठी बाई, नि आपनहून सांगते, माझं चुकलं. कोन सांगतो गं असं?"

मग तिने माझी हनुवटी आपल्याकडे वळवली आणि मासे विकून खरखरीत झालेल्या अंगठ्याने ते दोन खड्डे चाचपून बघितले. त्यांवर मी आजवर कधी पावडर लावलेली नाही.